चपटकृमींच्या तयार स्लाइड: १२ नगांचा संच

पदवीच्या प्राणिशास्त्र प्रात्यक्षिकांसाठी मागवलेला हा संच आम्ही सत्रभर वापरला. परजीवी कृमी शिकवण्यासाठी तो घेण्यासारखा आहे. मात्र लेबलांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

सर्वांत देखणी स्लाइड यकृतकृमीची, म्हणजे फॅसिओला हेपॅटिकाची आहे. कारमाइन या लाल रंजकाचा रंग इतका नेमका चढला आहे की पानासारख्या शरीराच्या मध्यभागी पसरलेली, फाटे फुटलेली वृषणे आणि दोन्ही कडांना दाटलेल्या पीतक (अंड्यांना बलक पुरवणाऱ्या) ग्रंथी सहज वेगळ्या ओळखता येतात. नमुना जवळपास अडीच सेंटिमीटर लांब असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा तुकडाच दिसतो. म्हणून विद्यार्थ्यांना आधी हातभिंगातून पूर्ण आकार पाहायला लावावा. शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीची जोडीही चांगली आहे. बहुतेक चपटकृमी उभयलिंगी असतात, येथे मात्र नराच्या खोबणीत बसलेली सडपातळ मादी स्पष्ट दिसते. ही स्लाइड दाखवताना मी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवीचा उल्लेख आवर्जून करतो, कारण १९५२ मध्ये या कृमीमुळे होणाऱ्या रोगाच्या स्थानिक लागणीची नोंद तेथून झाली होती.

खरी तक्रार पट्टकृमीची, म्हणजे टेपवर्मची. शीर्षाच्या स्लाइडवर चार चूषक आणि आकड्यांचे दुहेरी कडे आहे, म्हणजे तो टीनिया सोलियमच, डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी. पण त्याच नावाच्या, अंड्यांनी भरलेल्या पक्व खंडात एका विद्यार्थिनीने गर्भाशयाच्या शाखा मोजल्या, तर एका बाजूला १८ भरल्या. सोलियममध्ये त्या साधारण ७ ते १३ असतात. हा खंड उघडच टीनिया सॅजिनाटाचा, म्हणजे गोमांसातून येणाऱ्या पट्टकृमीचा होता. विक्रेत्याने स्लाइड बदलून दिली, हे नमूद केले पाहिजे. (जुनी मी परत केली नाही, परीक्षेत ओळखायला देण्यासाठी इतका चांगला नमुना शोधून सापडला नसता.)

प्लॅनेरियाची, म्हणजे पाण्यात मोकळेपणी राहणाऱ्या चपटकृमीची स्लाइड मात्र वाया गेलेली आहे. रंग इतका गडद झाला आहे की नेत्रबिंदू दिसत नाहीत आणि आतड्याच्या तीन मुख्य शाखा, एक पुढे व दोन मागे, अंदाजानेच दाखवाव्या लागतात. मुक्तजीवी गटासाठी संचात ही एकच स्लाइड असल्याने सगळे चपटकृमी परजीवीच असतात असा मुलांचा समज होतो. आम्ही शेवटी ओढ्यातील दगडांखाली कलेजीचा तुकडा दोऱ्याला बांधून ठेवला आणि त्यावर जमलेले जिवंत प्लॅनेरिया काचेच्या वाटीत घालून दाखवले.