पहिलं पायथन कशात लिहायचं? थॉनी, आयडल आणि व्हीएस कोड शेजारी शेजारी ठेवून

निकाल लागले की नागपूरच्या बर्डीवरून नवा लॅपटॉप घरी येतो आणि आठवडाभरात मला फोन येतो, "मॅडम, पोराला पायथन शिकायचं म्हणतो, याच्यात कोणतं टाकून देऊ?" मी मानेवाड्याकडे घरीच शिकवणी घेते. एका वेळी सात-आठ मुलं असतात. कुणी सीबीएसईच्या अकरावीचं, कुणी पॉलिटेक्निकचं, आणि अधूनमधून नोकरी करून संध्याकाळी येणारे मोठेही. या सगळ्यांना मी थॉनी, आयडल आणि व्हीएस कोड हे तीनही एडिटर, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला कोड लिहायची सॉफ्टवेअरं, वापरताना पाहिलं आहे.

माझं मत आधीच सांगते. पहिले तीन-चार महिने थॉनी, त्यानंतर व्हीएस कोड. जिथे दुसरं काही टाकायची मुभाच नाही, तिथे आयडल. हे का, ते खाली आहे. तुमची गरज वेगळी असेल तर ते वाचून तुम्ही वेगळं ठरवाल, आणि ते बरोबरही असेल.

टाकायचं कसं, आणि पहिल्या दिवशी काय अडतं

आयडल वेगळं टाकावं लागत नाही. विंडोजवर पायथन टाकलं की तेही सोबत येतं. १९९९ साली आलेल्या पायथन १.५.२ पासून ते बरोबर आहे, म्हणजे माझ्या आजच्या विद्यार्थ्यांहून वयाने मोठं. ज्या लॅबमध्ये नवीन सॉफ्टवेअर टाकायला परवानगी लागते, तिथे तेच सापडतं.

थॉनी एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालं. फुकट आहे. त्याच्या पोटात स्वतःचं पायथन असतं, त्यामुळे एकच फाइल उतरवायची आणि कामाला लागायचं. पहिल्यांदा उघडलं की ते भाषा आणि मांडणी विचारतं. मांडणीत 'स्टँडर्ड' ठेवा. माझ्याकडच्या एका मुलीने दुसरा पर्याय निवडला आणि तिला वर मेनूच दिसेना, नुसती मोठी मोठी बटणं. ती सोपी मांडणी होती. कोपऱ्यात नेहमीच्या मांडणीवर जायची ओळ असते, तिच्यावर क्लिक केलं, थॉनी बंद करून पुन्हा उघडलं आणि मेनू परत आला.

व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टचं, २०१५ साली आलेलं, तेही फुकट. पण त्यात पायथन नसतं. पायथन वेगळं टाकायचं, टाकताना खालची 'पाथ'ची चौकट (पायथन कुठे आहे ते विंडोजला कळवणारी) विसरायची नाही, मग व्हीएस कोड, मग त्यात पायथनचं एक्स्टेन्शन म्हणजे जोडणी, मग फोल्डर उघडायचं, मग ते विचारतं की या फोल्डरवर विश्वास आहे का, मग खालच्या पट्टीत कोणतं पायथन वापरायचं ते निवडायचं. हे सगळं एकदाच करायचं असतं, मान्य. पण ज्याने आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही त्याचा पहिला रविवार यातच जातो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

मेनू

आयडलमध्ये एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाला अडते. ते उघडलं की आधी शेल येतो, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच चालवायची खिडकी, तीन बाणांची खूण असलेली. मुलं तिथेच अख्खा प्रोग्रॅम लिहायला घेतात. चौथ्या ओळीत चूक झाली की सगळं पुन्हा. खरं म्हणजे फाइल मेनूतून नवीन फाइल उघडायची, ती वेगळ्या खिडकीत येते, आणि तिथे लिहायचं. आता गंमत बघा. शेलच्या खिडकीत मेनू असतात शेल आणि डीबग. फाइलच्या खिडकीत त्या जागी असतात फॉरमॅट आणि रन. एफ-५ दाबून उत्तर पाहिलं, की शेल पुढे येतो आणि वरचा 'रन' नाहीसा होतो. "मॅडम, रन कुठं गेलं जी?" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता पहिल्याच तासाला दोन्ही खिडक्या अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर शेजारी लावून घेते. तसं केलं की आयडल बरंच सुधं होतं. ऑप्शन्समध्ये जाऊन ओळींचे आकडेही दाखवायला सांगा, ते आपोआप दिसत नाहीत.

थॉनीत एकच खिडकी. वर तुमची फाइल, खाली शेल. हिरवं बटण किंवा एफ-५ दाबलं की चालतं, लाल बटण दाबलं की थांबतं. रनचा मेनू जागचा हलत नाही. टूल्स मेनूतल्या 'मॅनेज पॅकेजेस'मधून जास्तीची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, येतात. ती तिथूनच घ्या. यूट्यूबवर बघून विंडोजच्या काळ्या खिडकीत पिप या आज्ञेने टाकलीत तर ती लॅपटॉपवरच्या दुसऱ्याच पायथनमध्ये जातील आणि थॉनी म्हणेल, असं काही माझ्याकडे नाही.

व्हीएस कोडच्या मेनूंबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात खरं काम मेनूतून होतच नाही. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबायचं, वर एक पट्टी उघडते, हवं ते त्यात टाइप करायचं. ज्याला काय हवं ते ठाऊक आहे त्याला ही पट्टी मेनूंपेक्षा कितीतरी जलद पडते. नवशिक्याला मात्र शोधायचं काय तेच माहीत नसतं. त्याने मेनू उघडून, एकेक शब्द वाचत, "हे काय असेल?" म्हणत शिकायचं असतं, आणि त्यासाठी थॉनीचा मेनू पुरेसा लहान आहे. एका संध्याकाळी सगळा वाचून होतो.

संत्र्याची कॅरेटं

तिघांतला खरा फरक चूक शोधताना कळतो. हिवाळ्यात, आंबिया बहराच्या संत्र्यांची तोड चालू असताना, काटोलकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहून आणला. सात कॅरेटांची वजनं एका यादीत, आणि वीस किलोच्या खाली किती कॅरेटं आहेत ती मोजायची. वजनं होती २१, १९, २२, २०, २३, १८, २१. उत्तर दोन यायला हवं. त्याचं सात येत होतं. एरर काहीच नाही, उत्तर मात्र चुकीचं. "मॅडम, हे सगळेच मोजून राहिलं."

थॉनीत कंट्रोल-एफ-५ दाबलं. हा डीबगचा, म्हणजे चूक शोधायचा रस्ता. मग एफ-७ दाबत गेलो. प्रत्येक वेळी थॉनी पुढच्या तुकड्याभोवती रंगीत चौकट काढतं. 'वजन वीसपेक्षा कमी' या अटीवर चौकट आली. एफ-७ दाबत गेल्यावर 'वजन' या शब्दाच्या जागी २१ दिसलं. आणखी दाबत गेल्यावर '२१ वीसपेक्षा कमी' या सबंध तुकड्याच्या जागी 'फॉल्स' आलं. अट खोटी ठरली. आणि तरीही पुढच्या ओळीवर गेल्यावर बाजूच्या व्हेरिएबल्सच्या (नाव देऊन साठवलेल्या किमतींच्या) चौकटीत मोजणी शून्याची एक झाली. मुलगा पडद्याच्या जवळ सरकला. "थांबा, थांबा. अट खोटी आहे, तरी वाढलं कसं?" मग त्याने स्वतःच बोट ठेवलं. अटीच्या आत फक्त वजन छापायची ओळ होती; मोजणी वाढवणारी ओळ आत सरकवलेली नव्हती, अटीच्या बरोबरीने सुरू होत होती. चार स्पेस दिल्या, उत्तर दोन आलं. मी एक शब्द बोलले नव्हते.

हेच आयडलमध्ये करायचं तर शेलच्या डीबग मेनूतून डीबगर चालू करायचा, मग फाइल रन करायची, आणि वेगळ्या खिडकीतली बटणं दाबत जायचं. मोजणीचा आकडा तिथेही दिसतो. पण 'प्रिंट'च्या ओळीवर 'स्टेप' दाबलं की ते आयडलच्या स्वतःच्या फाइलींच्या आत शिरतं, आणि मूल परक्या कोडात हरवतं. तिथे 'ओव्हर' दाबायचं असतं, हे आधी सांगून ठेवावं लागतं.

व्हीएस कोडमध्ये ओळीच्या डावीकडे क्लिक करून लाल ठिपका ठेवायचा, एफ-५ दाबायचं, यादीतून पायथन फाइल निवडायची, आणि एफ-१० दाबत ओळीओळीने जायचं. डावीकडे व्हेरिएबल्स अगदी नीट दिसतात. साधन भक्कम आहे, मोठ्या प्रोग्रॅमला तेच हवं. पण ते ओळ संपल्यावर थांबतं. ओळीच्या आत अट खरी ठरली की खोटी, ते थॉनीसारखं तुकड्यातुकड्याने उलगडून दाखवत नाही. पहिल्या तीन महिन्यांत नेमकं तेच बघायचं असतं, म्हणून मी थॉनीकडे झुकते.

आणखी एक छोटी गोष्ट, पण मला ती फार आवडते. मुलं फाइलला 'टर्टल' किंवा 'रँडम' असं नाव देतात. मग त्याच नावाचं पायथनचं मॉड्यूल, म्हणजे सोबत येणारा तयार कोड, बोलावलं की पायथन त्यांचीच फाइल उघडतं आणि सगळं बिघडतं. असं नाव देऊन सेव्ह करायला गेलात की थॉनी आधीच विचारतं, हे नाव दिलं तर मूळ मॉड्यूल वापरता येणार नाही, तरी ठेवायचं का?

मराठी अक्षरं

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला 'वजन', 'मोजणी' अशी मराठी नावं चालतात, तिन्ही एडिटरांत. लहान मुलांना मी सुरुवातीला तशीच लिहू देते, विचार लवकर लागतो. पण कीबोर्ड मराठीवर राहिला आणि कोडमध्ये थेट मराठी ४५ टाइप झालं, तर पायथन ते अक्षर अमान्य म्हणून परत करतं. कोडमधले आकडे इंग्रजीच हवेत. आणि तरीही, प्रोग्रॅमने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात मराठी '४५' दिलं आणि ते मजकुराचा आकडा करणाऱ्या 'इंट'मधून नेलं, तर पायथन निमूटपणे पंचेचाळीस समजतं. वर्गात हे दाखवलं की मुलं खूश होतात. 'नागपूर' या शब्दाची लांबी विचारली तर सहा येते, चार नाही, कारण काना आणि दीर्घ ऊकार वेगळे मोजले जातात. हे एडिटरचं नाही, पायथनचं वागणं आहे. व्हीएस कोडच्या खालच्या टर्मिनलमध्ये मात्र काना-मात्रा कधी कधी अक्षरापासून सुटलेल्या दिसतात. त्याने घाबरू नका, प्रोग्रॅम बरोबरच असतो.

वर्ड किंवा पीडीएफमधल्या नोट्समधून कोड चिकटवलात तर वळणदार अवतरणचिन्हं येतात, आणि तीही पायथनला चालत नाहीत. हा अडथळा तिघांनाही सारखाच.

व्हीएस कोड कुठे वरचढ आहे

मे-जूनच्या वादळात लाइट जाते आणि डेस्कटॉप फट्कन बंद होतो. व्हीएस कोड न साठवलेला मजकूरही बाजूला जपून ठेवतं आणि पुन्हा उघडल्यावर समोर आणतं. फाइल मेनूत 'ऑटो सेव्ह'ही आहे. थॉनी रन करताना फाइल सेव्ह करतं, त्यामुळे दर दोन-चार ओळींनी एफ-५ दाबायची सवय असेल तर नुकसान थोडं. आयडलमध्ये सेव्ह केलं नसेल तर गेलं.

इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना सी, पुढे जावा, वेबपेज हे सगळं लागणार. थॉनी फक्त पायथनचं आहे. त्यात छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर चालणारं मायक्रोपायथनही येतं, त्यामुळे ईएसपी-३२ किंवा रास्पबेरी पाय पिको असे बोर्ड घेऊन प्रोजेक्ट करणाऱ्यांना ते फार सोयीचं पडतं. पण अनेक फाइलींचं मोठं काम त्यात जड जातं. तिथे व्हीएस कोडच. फक्त सी साठी कंपायलर, म्हणजे कोडचं चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारं साधन, वेगळा टाकावा लागतो, तो व्हीएस कोडसोबत येत नाही.

एका गोष्टीबद्दल मी ठाम आहे. व्हीएस कोडमध्ये कोपायलट हे कोड सुचवणारं एआय चालू असलं की तुम्ही अर्धी ओळ लिहिता आणि पुढची करड्या अक्षरांत आपोआप उमटते. टॅब दाबला की ती तुमची. शिकणाऱ्याने पहिले काही महिने ते बंद ठेवावं. कॅरेटांच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ आयती योग्य जागी आली असती, उत्तर दोन आलं असतं, आणि त्या मुलाला चार स्पेसचं महत्त्व कधी कळलं नसतं.

जुना, चार जीबी रॅमचा लॅपटॉप असेल आणि क्रोमही उघडं असेल, तर व्हीएस कोड रेंगाळतं. थॉनी आणि आयडल हलके आहेत.

मग ठरवायचं कसं

अकरावी-बारावीचं मूल आहे आणि शाळेच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल आयडलवर होतं? घरी थॉनीवर शिकू द्या, पण परीक्षेच्या महिनाभर आधी आयडलवर हात बसवा. फाइल तीच चालते. पहिल्या वर्षाला सी आहे आणि हाताशी कुणी मोठा भाऊ, ताई बसून मांडणी लावून देणार आहे? मग थेट व्हीएस कोड घ्या, अडचण नाही. नोकरी करून एकटेच शिकताय, विचारायला कुणी नाही? थॉनीच. चूक झाली की त्याचा असिस्टंट बाजूला साध्या इंग्रजीत काय झालं असावं ते सांगतो, आणि एररमधल्या ओळीवर क्लिक केलं की त्या जागी नेतो.

थॉनी उतरवलंत तर आजच एवढं करा. व्ह्यू मेनूत व्हेरिएबल्स आणि असिस्टंट यांच्यावर टिक करा. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन अक्षरं मोठी करा, शेजारी बसलेल्या आईलाही दिसतील एवढी. मग सात आकड्यांची यादी लिहा, अटीच्या आत वजन छापायची ओळ ठेवून मोजणीची ओळ मुद्दाम अटीच्या बरोबरीने ठेवा, आणि कंट्रोल-एफ-५ दाबून एफ-७ वर बोट ठेवा.