रूल्स ऑफ सेनेट: टॉम्ब रेडर फोरमधल्या एका कागदाचा रिव्ह्यू, बरेच महिने खेळून झाल्यावर

टॉम्ब रेडर या व्हिडिओ गेम मालिकेतल्या फोर-फाइव्ह-सिक्सचं रिमास्टर, म्हणजे जुन्याच गेमची नवी चकाचक आवृत्ती, १४ फेब्रुवारी २०२५ ला आलं. तेव्हापासून अधूनमधून खेळतोय, फोर संपवूनही झाला, पण परत परत उघडतो ती एकच लेव्हल, टॉम्ब ऑफ सेमेरखेत. त्यामुळे हा अख्ख्या गेमचा रिव्ह्यू नाही, ग्राफिक्स-बिफिक्सवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. हा त्या लेव्हलमध्ये सापडणाऱ्या एका आयटमचा रिव्ह्यू आहे, रूल्स ऑफ सेनेट, म्हणजे सेनेट या इजिप्तच्या जुन्या पटाच्या नियमांचा कागद.

ज्यांनी फोरचा १९९९ चा ओरिजिनल, कोअर डिझाइन कंपनीचा द लास्ट रिव्हिलेशन, खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नायिका लारा क्रॉफ्टच्या हातून सेत देव मोकळा सुटतो आणि मग ते निस्तरायला ती कर्नाक, अलेक्झांड्रिया, कैरो असं सगळं पालथं घालते. या गेममध्ये पझलच्या वस्तू ढीगभर आहेत. होरसच्या डोळ्याचे दोन तुकडे जोडा, कॅनोपिक जार (ममीचे अवयव ठेवायच्या बरण्या) शोधा, नेऊन खाचेत बसवा, दार उघडलं, पुढे चला. मजा येते, नाही असं नाही, पण डोकं फारसं लागत नाही, पायच जास्त दमतात. हा कागद मात्र कुठल्याच खाचेत बसत नाही. इन्व्हेंटरीत, म्हणजे लाराच्या सामानाच्या यादीत, उघडायचा, वाचायचा आणि लक्षात ठेवायचा, बास. पहिल्यांदा मिळाल्यावर वाटतं काहीतरी सजावटीचं दिलंय, मग पुढे तो पट दिसतो.

पट म्हणजे टेबलावरचा नाही हां, खोलीभर पसरलेला, लारा त्यात उभी. काड्या पडतात, किती काड्यांची पांढरी बाजू वर आली त्यावरून दान ठरतं. आपल्या सोंगट्या समोरच्याच्या आधी शेवटापर्यंत न्यायच्या. आपली सोंगटी त्याच्या सोंगटीवर जाऊन पडली की त्याची परत सुरुवातीला, आणि अंखचं (वर फास असलेला इजिप्तचा क्रूस) चिन्ह असलेल्या घरात पडलात तर अजून एक दान. आपल्याकडे घरी कवड्या टाकून पट खेळलेल्या माणसाला हे समजवायची गरजच नाही, माझ्या आईने स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि म्हणाली "मार ना त्याची, बघत काय बसलास."

आता मला यात सगळ्यात भारी वाटतं ते असं, की खऱ्या सेनेटचे नियम कुणालाच माहीत नाहीत. पट भरपूर सापडलेत, पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली तिच्यातसुद्धा होते, एक तर आबनूस आणि हस्तिदंताचा, प्राण्यांच्या पायांच्या स्टँडवर बसवलेला. राणी नेफेरतारीच्या कबरीत भिंतीवर ती सेनेट खेळतानाचं चित्र आहे. ३ ओळी, प्रत्येकी १० घरं, एकूण ३०, शेवटच्या काही घरांवर चिन्हं, त्यातलं एक पाण्याचं. एवढं सगळं हाताशी असून नियमांचा कागद काही मिळालेला नाही, आज जे नियम खेळले जातात ते अभ्यासकांनी अंदाजाने जुळवलेले. आणि या गेममध्ये लाराला कबरीत नेमकं काय सापडतं, तर नियमांचा कागद! सोन्याच्या मुखवट्यापेक्षा ही मोठी लॉटरी आहे, आणि गेम त्याचा काही गाजावाजा पण करत नाही. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलं असेल तर सलाम.

इतिहासाच्या बाबतीत बाकी आनंद आहे. सेमेरखेत पहिल्या राजवंशातला राजा, त्याची खरी कबर अबायडोसला, पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने खणलेली, आणि गेममध्ये ती कर्नाकचं प्रकरण उरकलं की लागते, आत सापळे आणि पुढच्या लेव्हलला चालता फिरता यांत्रिक बैल. चालतंय.

दुसरी गोष्ट म्हणजे हरलात तर गेम ओव्हर होत नाही. जिंकलात तर जवळचा रस्ता, हरलात तर लांबचा आणि जास्त त्रासाचा, पण दोन्ही पुढेच जातात. आजकालच्या गेममध्ये पझल चुकलं की सोबतचं पात्र कानाशी येऊन उत्तर सांगतं, इथे कुणी काही बोलत नाही, हरलात ना, जा मग तिकडून.

तक्रारी आहेतच. शेवटी हा दानाचा खेळ, कितीही डोकं लावा, दान पडलं नाही तर बसा बोंबलत. दोन सोंगट्या पोचल्यात, तिसरी शेवटाला टेकलीय आणि समोरच्याला एकामागून एक दानं पडतायत, तेव्हा कंट्रोलर फेकावासा वाटतो. वेग पण संथ आहे, समोरच्याची खेळी होईपर्यंत चहाचे दोन घोट होतात आणि ते पुढे ढकलता येत नाही. कागदावरचे नियम एकदा वाचून डोक्यात बसत नाहीत, मी सरळ वहीत उतरवून घेतले. आणि नवीन कंट्रोल्सचं माझं काही जमलं नाही, या लेव्हलला मी जुने टँक कंट्रोल्सच (लाराला रणगाड्यासारखं जागेवर वळवून मग पुढे चालवायचं) लावतो, घराघरावर नेमका पाय टाकायला तेच बरे पडतात.

माझे पाचपैकी साडेचार, अर्धा त्या संथपणाचा कापला. पहिल्यांदा खेळणार असाल तर पटावर जायच्या आधी वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करून ठेवा, पण हरल्या हरल्या लगेच लोड मारू नका. आधी तो लांबचा रस्ता पूर्ण खेळा, मग वाटलं तर परत येऊन जिंका. सगळे उलटं करतात आणि मग अर्धी लेव्हल बघायचीच राहून जाते.