निकॉन डी-७५००: बॅटरीचा घोर मिटला, कार्डाचा नाही

लग्नाचे फोटो काढतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ ही माझी हद्द. दोन वर्षांपूर्वी निकॉन डी-७५०० कॅमेरा सेकंडहँड घेतला, लेन्सशिवाय नुसती बॉडी. फोटो कसे येतात ते यूट्यूबवर पुष्कळांनी सांगितलंय. मी बॅटरी आणि कार्डाचं सांगतो, लग्नात अडतं ते तिथंच.

कंपनी एका चार्जिंगला ९५० फोटो सांगते. पण त्या चाचणीत दर दुसऱ्या फोटोला कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उडवतात. आपला फ्लॅश वरून लावलेला, त्याच्या सेलवर चालणारा. मागच्या वैशाखात पालमकडं एक लग्न होतं. गावात लाईट नाही, चार्जर पिशवीतच राहिला. सकाळी सातला रुखवतापासून सुरू केलं ते शेवटची पंगत उठेपर्यंत ११४० फोटो झाले, तरी मेनूतल्या ‘बॅटरी इन्फो’त १८ टक्के शिल्लक. तिथंच बॅटरीचं वयही दिसतं: ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदला आता. सेकंडहँड घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) सगळेच विचारतात, हे कुणी बघत नाही.

व्हिडिओला मात्र हीच बॅटरी लवकर मान टाकते. स्क्रीन चालू, सेन्सर चालू, वरून ऊन. मंगलाष्टका म्हणायला हौशी मामा-मावश्या उभ्या राहिल्या की दुसरी बॅटरी खिशात हवीच. फोर-के लावलं तर अर्ध्या तासाला ३२ जीबी जातात. कार्डावर व्ही-३० ही वेगाची खूण असली की त्या वेगाला पुरतं.

आता कार्ड. याच्या आधीच्या मॉडेलला, डी-७२०० ला, कार्डाच्या दोन खाचा होत्या, एकच फोटो दोन्ही कार्डांवर ठेवता यायचा. इथं खाच एकच. लई खटकतं.

खटकायला कारण आहे. माझ्या जुन्या कॅमेऱ्यासाठी मी एका दुकानातून १२८ जीबीचं कार्ड साडेचारशेत उचललं होतं. कॅमेऱ्यानं जागा पूर्ण दाखवली. आत चिप बारकी आणि कार्ड खोटं बोलणारं, हे रात्री कॉम्प्युटरवर कळलं. हळद नीट आली. पुढं अर्धा फोटो आणि खाली करडा पट्टा, नंतर तर फाइलच उघडेना. चौथ्या दिवशी नवरीचे वडील आले. “फोटोवाले, कन्यादान कुठाय?” पैसे परत दिले, त्यांनी मोजलेही नाहीत.

(६४ चं कार्ड कॉम्प्युटरवर ५९च्या थोडं वर दिसतं, ती फसवणूक नाही. मोजायची रीत वेगळी, एवढंच.)

तेव्हापासून नवं कार्ड आणलं की आधी ते काठोकाठ भरतो, परत कॉम्प्युटरवर उतरवतो आणि शेवटची फाइल उघडून बघतो. रात्र जाते, जाऊ दे. १२८ चं एक घेण्यापेक्षा ६४ ची दोन बरी. हळद एकावर, लग्न दुसऱ्यावर. रॉ फाइल (फोटोची कच्ची, मोठी फाइल) पंचवीस एमबीच्या आसपास धरा, ६४ च्या एका कार्डात दोन हजार फोटो आरामात बसतात.

भरलेलं कार्ड शर्टाच्या खिशात, रिकामं बॅगेत. पंगतीला बसलो तरी हात सारखा खिशावर जातो. परवा एका वाढप्यानं वरण वाढता वाढता विचारलं, “भाऊ, छातीत दुखायलंय का?”