राजवाड्याजवळचे वाचनालय: साहसकथांचे कपाट आणि डास

साताऱ्यातील राजवाडा परिसरातल्या एका लहानशा वाचनालयाचा मी, इयत्ता नववीचा विद्यार्थी, दोन वर्षे सभासद असून साहसकथांचे कपाट हेच माझ्या मते त्याचे खरे वैभव आहे. मात्र या कथांतील वीर वाघाशी झुंजतात, नद्या पोहून जातात आणि जंगलात उघड्यावर झोपूनही त्यांना साधी थंडी वाजून येत नाही, हे मला खटकत असे. ही शंका बोलून दाखवताच ग्रंथपाल काकूंनी पनामा कालव्यावरचे एक पुस्तक काढून दिले. फ्रेंचांचा १८८० च्या दशकातील प्रयत्न फसण्यामागे पीतज्वर आणि हिवताप यांचा मोठा वाटा होता, आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी सापडल्यानंतरच्या काळात डासांची पैदास रोखून अमेरिकेने १९१४ मध्ये तोच कालवा खुला केला, ही हकिकत मला कोणत्याही कल्पित साहसाहून थरारक वाटली. विज्ञानाचे कपाट मात्र तोकडे आहे. पीतज्वर पसरवणारा एडिस डासच आपल्याकडे डेंग्यू पसरवतो आणि तो दिवसा चावतो, हे मला तेथील एकाही पुस्तकात आढळले नाही. वर्गणी वाजवी आहे. खिडकीखालच्या पाण्याच्या पिंपावर तेवढे झाकण बसवावे, ही विनंती.