लॅपटॉपवर नेटवर्कवरून लिनक्स टाकायचंय: पेनड्राइव्हवरचा नेटइन्स्ट बरा की पीएक्सई?

"नेटवर्कवरून लिनक्स इन्स्टॉल करायचंय, कसं करू?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुला बूटच नेटवर्कवरून करायचंय की फक्त पॅकेजेस नेटवरून उतरवायचीत? कारण या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. पहिल्या प्रकारात लॅपटॉपला पेनड्राइव्ह वगैरे काहीच लावायचं नाही, लॅन केबल लावायची आणि मशीन स्वतःच नेटवर्कवर ओरडून विचारतं की मला बूट व्हायला फाइल कोण देतंय, याला पीएक्सई म्हणतात, बोलताना लोक पिक्सी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पेनड्राइव्ह लागतोच पण त्यावर फक्त छोटा इन्स्टॉलर असतो आणि बाकीचं सगळं तो मिररवरून (पॅकेजेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) ओढून घेतो, तो झाला नेटइन्स्ट. आणि एक मधला रस्ता आहे, पेनड्राइव्हवर आयपीएक्सई नावाचा पिटुकला बूट प्रोग्राम ठेवायचा आणि समोर येणाऱ्या मेनूतून हवं ते डिस्ट्रो (डेबियन, उबुंटूसारखा लिनक्सचा प्रकार) निवडायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असाल तर इथेच निर्णय होईल. लॅपटॉप एकच आहे आणि त्याचा एखादा तरी यूएसबी पोर्ट धड आहे, तर नेटइन्स्ट घ्या, पीएक्सईच्या वाटेला जाऊ नका. पीएक्सई खरंच कामाला येतं ते दोनच वेळेला, एक म्हणजे मशीन पेनड्राइव्हवरून बूटच होत नाही, आणि दुसरं म्हणजे दहा-वीस मशीन एकसारखी करायचीत. बाकी सगळं या दोन टोकांच्या मधलं.

नेटइन्स्टबद्दल आधी. डेबियनची नेटइन्स्ट आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलरची फाइल) एक जीबीच्या आत बसते, तिच्यात इन्स्टॉलर आणि बेस सिस्टीम असते, डेस्कटॉप वगैरे जे निवडाल ते मिररवरून येतं. याचा मोठा फायदा असा की जे उतरतं ते त्या दिवसाचं ताजं असतं, सिक्युरिटी अपडेट्ससकट, म्हणजे इन्स्टॉल झाल्या झाल्या परत शेकडो पॅकेजेस अपडेट करत बसावं लागत नाही, जे सहा महिने जुनी मोठी आयएसओ वापरली की हमखास करावं लागतं. तोटाही तिथेच आहे, नेट मध्येच गेलं की इन्स्टॉल अडकतं, आणि ग्नोम किंवा केडीईसारखा डेस्कटॉप निवडला तर एक-दीड जीबी उतरवायची तयारी ठेवा.

वायफायचा प्रश्न पूर्वी फार छळायचा. इन्स्टॉलर कार्ड ओळखायचा पण फर्मवेअर (कार्ड चालवायला लागणारी कंपनीची फाइल) नाही म्हणून तिथेच थांबायचा, मग दुसऱ्या मशीनवरून फर्मवेअरची फाइल शोधून दुसऱ्या पेनड्राइव्हवर टाकून आणायची. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हापासून नॉन-फ्री फर्मवेअर अधिकृत आयएसओमध्येच असतं, त्यामुळे आता बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलर सरळ वायफायचं नाव आणि पासवर्ड विचारतो आणि पुढे जातो. पण ब्राउझरमध्ये लॉगिन पेज उघडून मग नेट सुरू होतं तसलं वायफाय असेल तर इन्स्टॉलरमध्ये ब्राउझरच नाहीये, तिथे गाडी पुढे जाणार नाही, फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा किंवा केबल शोधा. माझा अनुभव असा की केबल असली तर केबलच लावावी, निम्मे प्रॉब्लेम येतच नाहीत.

एक गोष्ट मात्र नेटइन्स्टही देत नाही आणि पीएक्सईचा साधा इन्स्टॉलरही देत नाही, ती म्हणजे आधी चालवून बघणं. लाइव्ह आयएसओ बूट केली की इन्स्टॉल न करताच कळतं टचपॅड चालतोय का, आवाज येतोय का, झाकण बंद करून उघडल्यावर मशीन जागं होतंय का. लिनक्स पहिल्यांदाच टाकत असाल आणि लॅपटॉप नवाकोरा असेल तर काही जीबीची ती मोठी आयएसओ उतरवणं अजिबात वाया नाही, मी तर म्हणेन पहिल्या वेळी तेच करा.

आता पीएक्सई, आणि इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं कारण आत काय चाललंय ते माहीत नसेल तर एरर आल्यावर हातपाय गळतात. याचं स्पेसिफिकेशन इंटेलचं, सध्या वापरात असलेली २.१ आवृत्ती १९९९ सालची. लॅपटॉप चालू होतो, नेटवर्क कार्ड डीएचसीपीला, म्हणजे नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेला, हाक मारतं, सोबत सांगतं की मी पीएक्सई क्लायंट आहे आणि माझं आर्किटेक्चर अमुक, उत्तरात आयपी आणि सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव येतं, ती फाइल टीएफटीपीने (फाइल पाठवायची साधी, जुनी पद्धत) उतरते, तो असतो बूटलोडर, मग बूटलोडर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला रॅममध्ये चढवायच्या फाइलींचा गठ्ठा) उतरवतो, आणि मग इन्स्टॉलर सुरू झाला की तो परत नव्याने डीएचसीपीकडे जातो. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, पहिल्या वेळी कार्ड चालवतो तो मशीनच्या स्वतःच्या फर्मवेअरमधला (बायोसमधला) ड्रायव्हर आणि दुसऱ्या वेळी लिनक्सचा. म्हणून असं होतं की पीएक्सईने मस्त बूट झालं, निळा स्क्रीन आला, आणि इन्स्टॉलर म्हणतो नेटवर्क कार्ड सापडत नाही. डेबियनच्या नेटबूट फाइलींमध्ये (पीएक्सईसाठीच्या फाइलींमध्ये) कार्डाचं फर्मवेअर भरलेलं नसतं, नेटइन्स्ट आयएसओमध्ये असतं तसं, ते वेगळं घेऊन इनिटआरडीला जोडावं लागतं, हे न कळल्यामुळे लोक केबल बदलत बसतात.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता, त्यावर पाणी सांडून सगळे यूएसबी पोर्ट गेले होते पण लॅन पोर्ट शाबूत होता. म्हणजे पीएक्सईशिवाय इलाजच नव्हता, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची. दुसऱ्या लॅपटॉपवर डीएनएसमास्क (डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही सांभाळणारा छोटा सर्व्हर प्रोग्राम) लावलं, घरच्या राउटरचा डीएचसीपी तसाच चालू ठेवून याला प्रॉक्सी मोडमध्ये ठेवलं, म्हणजे आयपी राउटरच देणार आणि हा फक्त फाइलचं नाव सांगणार. केबल लावली, मशीन सुरू केलं, काळ्या स्क्रीनवर डीएचसीपी लिहून पुढे टिंबं येत राहिली आणि मग पीएक्सई-ई५३, बूट फाइलचं नाव मिळालं नाही. कॉन्फिग चार वेळा वाचली, सगळं बरोबर. शेवटी डीएनएसमास्कचा लॉग उघडून बघत बसलो तर लॅपटॉपची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, फायरवॉल अडवत होता, यूडीपी ६७, ६९ आणि ४०११ हे तीन पोर्ट उघडले आणि पुढच्या बूटला मेनू समोर. म्हणून सांगतो, ई५३ आला म्हणजे केबल ठीक आहे, राउटर ठीक आहे, तुमच्या सर्व्हरचं उत्तर तेवढं पोचत नाहीये. ई५१ आला तर कुणाचंच उत्तर नाही. ई६१ म्हणजे केबलच बघा. ई३२ म्हणजे फाइलचं नाव कळलं पण टीएफटीपी बोलत नाहीये.

अजून एक नेहमीचा घोळ, जुन्या पद्धतीच्या बायोस मशीनला वेगळी फाइल लागते आणि नव्या पद्धतीच्या युईएफआय मशीनला वेगळी. युईएफआय मशीनला बायोसची फाइल दिली तर ती उतरते आणि मग बऱ्याचदा काहीही न सांगता मशीन परत बूट मेनूवर येतं. मशीन स्वतःचं आर्किटेक्चर डीएचसीपीच्या ऑप्शन ९३ मध्ये सांगतं, ते बघून योग्य फाइल देण्याची सोय डीएनएसमास्कमध्ये आहे, ती पहिल्या दिवशीच लावून ठेवा.

आणि मुळात तुमच्या लॅपटॉपला लॅन पोर्ट आहे का? आजकालच्या पातळ लॅपटॉपला नसतोच. वायफायवरून पीएक्सई होईल ही आशा सोडून द्या, ते जवळपास कुठेच चालत नाही. यूएसबीचं लॅन डोंगल लावलं तर फर्मवेअरला त्या चिपचा ड्रायव्हर माहीत असायला हवा, लॅपटॉपच्याच कंपनीचं डोंगल किंवा डॉक असेल तर बहुतेक वेळा चालतं, दुसरं कुठलंही असेल तर बूट यादीत दिसेल की नाही याची खात्री नाही. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, बायोसमध्ये जाऊन नेटवर्क स्टॅक किंवा पीएक्सई बूट असा पर्याय चालू करा, केबल लावून बूट मेनू उघडा, यादीत आयपीव्ही४ वाली ओळ आली तर पुढचा विचार करा. सर्व्हर उभा करायच्या आधी हे करा, नंतर नाही.

वेगाचंही सांगतो. टीएफटीपीचा मूळ नियम असा की ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोचल्याची पावती येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. १०० एमबीची इनिटआरडी अशी पाठवायची तर दोन लाख खेपा होतात. तुकड्याचा आकार वाढवायची सोय नंतर आली पण तरी मोठ्या फाइलींसाठी हे काम टीएफटीपीचं नाहीच, म्हणून शहाणी पद्धत अशी की टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई उतरवायचं आणि पुढचं सगळं एचटीटीपीने. नव्या फर्मवेअरमध्ये युईएफआय एचटीटीपी बूट थेट असतं, २०१५ च्या युईएफआय २.५ पासून ते स्पेसिफिकेशनमध्ये आहे, तुमच्या मशीनमध्ये असेल तर टीएफटीपी गुंडाळूनच ठेवा.

डिस्ट्रो कुठलं यानेही फरक पडतो. डेबियनचा नेटबूट इन्स्टॉलर लागतील तसे तुकडे ओढतो, कमी रॅमवर चालतो. उबुंटू सर्व्हरचा नवा इन्स्टॉलर नेटवर्कवरून बूट केला की तो अख्खी आयएसओ रॅममध्ये उतरवतो, ती अडीच-तीन जीबीची असेल तर ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अडकायची पाळी येते आणि एरर असा काही विचित्र येतो की रॅमचा संशयच येत नाही. जुन्या मशीनवर नेटवर्क बूट करायचं असेल तर म्हणूनच मी डेबियन सुचवतो.

मधल्या रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नेटबूट डॉट एक्सवायझेडची फाइल अगदी छोटी, पेनड्राइव्हवर टाकली की डेबियन, फेडोरा, आर्च सगळ्यांचा मेनू येतो, जे निवडाल ते त्या क्षणी इंटरनेटवरून उतरतं. सतत वेगवेगळी डिस्ट्रो टाकून बघणाऱ्याला छान आहे. पण केबल हवीच, आणि आयपीएक्सईच्या बऱ्याच बिल्डना सिक्युअर बूट (सही तपासूनच बूट होऊ देणारी सेटिंग) बंद करावं लागतं.

सिक्युअर बूटवर एक मिनिट द्या, विशेषतः विंडोज शेजारी ठेवणार असाल तर. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असताना सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती आधीच लिहून ठेवा, खरंच आधी. डेबियनची नेटइन्स्ट आयएसओ सिक्युअर बूट चालू ठेवूनच बूट होते, आणि नेटबूटच्या फाइलींमध्येही सही केलेला शिम आणि ग्रब (लिनक्सचे बूटलोडर) असतो त्यामुळे पीएक्सईलाही ते बंद करायची गरज नाही. पण यातून पूर्ण सुरक्षितता मिळते असं समजू नका, शिम, ग्रब आणि कर्नल यांची सही तपासली जाते, इनिटआरडीची नाही, आणि डीएचसीपी-टीएफटीपीमध्ये समोरचा खरा सर्व्हर आहे की नाही हे तपासायची सोयच नाही. स्वतःच्या बंद नेटवर्कवर ठीक, अनोळखी लोक जोडलेले असतात तिथे पीएक्सई करू नका, तिथे चेकसम (उतरवलेली फाइल मूळसारखीच आहे ना ते पडताळायचा आकडा) तपासून बनवलेला पेनड्राइव्हच योग्य.

आता जास्त मशीनवाल्यांसाठी. इथे पीएक्सईची मेहनत वसूल होते. डेबियनला प्रीसीड, फेडोराला किकस्टार्ट, उबुंटूला ऑटोइन्स्टॉल, प्रश्नांची उत्तरं आधीच फाइलीत लिहून ठेवायची आणि मशीनसमोर बसायचंच नाही. सोबत त्याच सर्व्हरवर ॲप्ट-कॅचर-एनजी (उतरलेली पॅकेजेस साठवून ठेवणारा प्रोग्राम) लावा, म्हणजे २० लॅपटॉपना दीड-दीड जीबी मिळून ३० जीबी बाहेरून येण्याऐवजी पॅकेजेस एकदाच उतरतात आणि बाकीच्यांना लॅनवरूनच मिळतात. हे कॅशिंग नेटइन्स्ट पेनड्राइव्हबरोबरही चालतं, मिररच्या वेळी प्रॉक्सीचा पत्ता द्यायचा बस, त्यामुळे चार-पाच मशीनच असतील तर मी पेनड्राइव्ह अधिक कॅश अशीच जोडी घेईन. दहाच्या पुढे गेलात किंवा दर काही महिन्यांनी परत तेच करायचंय तर पीएक्सई.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो, पीएक्सईच्या मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी "डिस्कवरून बूट" हाच ठेवा. प्रीसीडमध्ये डिस्क पुसायचं उत्तर लिहिलेलं असतं, आणि त्याच नेटवर्कवर कुणाचा तरी भलताच लॅपटॉप नेटवर्क बूट वर ठेवून चालू झाला तर तो न विचारता पुसला जाईल, त्यात कुणाचे वर्षभराचे काम असेल, कुणाचे फोटो असतील. इन्स्टॉल हवंय त्याने हाताने खाली जाऊन निवडावं, तेवढे दोन सेकंद जाऊ देत.

काम संपलं की सर्व्हरवरचं डीएनएसमास्क बंद करा आणि लॅपटॉपच्या बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क सगळ्यात खाली ढकला, नाहीतर दर वेळी मशीन आधी आयपीव्ही४ आणि मग आयपीव्ही६ वर उत्तराची वाट बघत बसेल आणि तुम्हाला वाटेल लिनक्सच हळू चालू होतंय.