रुग्णाची सेवा करणाऱ्यांसाठी ध्यान: १२ मिनिटांचा जप की ८ आठवड्यांचा कोर्स?

घरच्या रुग्णाचं सगळं करणाऱ्यासाठी ध्यान निवडताना मी आधी एकच बघते: मध्येच हाक आली, तर ते जमेल का?

माइंडफुलनेसवर, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे बघण्यावर आधारित एमबीएसआर हा ताण कमी करण्याचा कोर्स जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केला. ८ आठवडे, आठवड्याला सुमारे अडीच तासांचा वर्ग, शिवाय घरी रोज पाऊण तास सराव. श्वासाकडे, शरीराकडे, विचारांकडे बघायला तो नीट शिकवतो. पण तेवढा वेळ रुग्णाजवळ बसणार कोण?

कीर्तन क्रिया या जपाच्या ध्यानाला १२ मिनिटं पुरतात. 'सा-ता-ना-मा' म्हणत अंगठा क्रमाने तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळीला टेकवायचा. आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग मनातल्या मनात, आणि तसंच उलट परत यायचं. जागरणाने शिणलेलं मन नुसत्या श्वासावर टिकत नाही, बोटांची हालचाल त्याला धरून ठेवते. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांना सांभाळणाऱ्या ३९ कुटुंबीयांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ८ आठवड्यांत, शांत संगीत ऐकणाऱ्यांपेक्षा जप करणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं जास्त घटली. पेशींच्या वयाशी निगडित टेलोमरेज एन्झाइमची क्रियाही त्यांच्यात ४३ टक्के वाढली, संगीतगटात ३.७ टक्के. अभ्यास छोटा आहे, हे खरंच.

तरी माझा कौल जपाला. बदली माणूस मिळत असेल, तर कोर्स जरूर करा. मात्र झोपच उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.