घरची गाडी म्हणून घेतली, पुरातली निघाली

मोठं झालंय लिहून, पण सध्या कोणी पोरापोरींसाठी दोन-अडीच लाखात जुनी गाडी शोधत असेल तर नक्की वाचा.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे, आम्ही नाशिकचे, कॉलेज त्र्यंबक रोडला, राहतो पाथर्डी फाट्याला. पावसाळ्यात सातपूरजवळ खड्ड्यात तिची स्कूटी घसरली, मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर, आणि तिच्या आईने जाहीर केलं की पोरगी आता दोन चाकांवर बसणार नाही. नवीन गाडीचा हप्ता कॉलेजच्या फीबरोबर झेपणारा नव्हता. मग ठरलं, अडीचच्या आत, पेट्रोल, मारुती नाहीतर ह्युंदाई, कारण पार्ट कुठंही मिळतात आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही काम करतो. इथपर्यंत आमचं डोकं ठिकाणावर होतं.

मी अंबडला कंपनीत मेंटेनन्सला आहे, वीस वर्षं मशीन उघडतोय. हे मुद्दाम सांगतोय कारण "मला कोण फसवणार" हा माज तिथून आला. त्यात भर म्हणजे पहिल्याच आठवड्यात एक फसवणूक मी ओळखली होती. अल्टो, फक्त ८५ हजार, विकणारा म्हणे देवळालीला फौजेत, पोस्टिंग आली म्हणून घाईत विकतोय, युनिफॉर्ममधला फोटो, कॅन्टीन कार्डाचा फोटो, सगळं पाठवलं आणि मग म्हणतो गाडी कॅम्पच्या गेटमधून बाहेर काढायला पाच हजार भरा, परत मिळतील. मी म्हणलं मीच येतो देवळालीला, गेटवर भेटू. फोन कट. हा किस्सा मी आठवडाभर कंपनीत सगळ्यांना रंगवून सांगितला. नंतर त्याच लोकांना माझा स्वतःचा किस्सा सांगायची वेळ आली.

तर मी ठरवलं की डीलरकडे जायचंच नाही, घरगुती वापरातली गाडी थेट मालकाकडून घ्यायची. आणि अगदी तशीच जाहिरात दिसली. वॅगनआर, २०१६, सिल्व्हर, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, ४६ हजार किलोमीटर, "घरची गाडी, एजंटने फोन करू नये". किंमत २ लाख ४५. तशी गाडी तेव्हा पावणेतीनच्या खाली कोणी देत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी इंदिरानगरला एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बोलावलं. पाऊस नुकताच थांबलेला, गाडी ओली. पंचावन्नच्या आसपासचे काका, हाफ शर्ट, चष्मा गळ्यात, अगदी एखाद्या शाळेतले सर वाटावेत असे. म्हणाले गाडी साडूची आहे, चिपळूणला नोकरीला होता, आता पुण्याला बदली झाली, मोठी गाडी घेतली म्हणून ही माझ्याकडे ठेवलीये. थोड्या वेळाने त्यांची मिसेस थर्मासमधून चहा घेऊन खाली आली, माझ्या बायकोशी गप्पा सुरू, त्यांची पण मुलगी म्हणे कॉम्प्युटरला होती.

आता मी काय काय तपासलं ते सांगतो. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला, मॉडेल, रजिस्ट्रेशनची तारीख बरोबर, कर्जाचा बोजा नाही. चॅसिस नंबर टॉर्च लावून आरसीशी ताडून बघितला, बरोबर. पीयूसी होतं, इन्शुरन्स होता. ई-चलन शून्य. मी बायकोला म्हणलं बघ, एकही चलन नाही, किती जपून चालवलीये. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते, अहो जी गाडी दोन-तीन वर्षं रस्त्यावरच नव्हती तिला चलन कुठून येणार.

कागद सगळे खरे होते, त्यांनी माझ्यासमोर जे जे ठेवलं ते खरंच होतं आणि मी पण फक्त तेवढंच तपासलं. जे समोर ठेवलं नाही ते असं. इंजिन मी गेलो तेव्हाच गरम होतं, "आत्ताच पेट्रोल टाकून आलो" म्हणाले. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं ते मला कळलंच नाही. इन्शुरन्स नुसता थर्ड पार्टी आणि तो पण वीसच दिवस जुना, त्याआधीची पॉलिसी मी मागितली नाही. सीट कव्हर नवं, मॅट नवे, स्टिअरिंगला नवं कव्हर, आत परफ्युमचा एवढा भपकारा की मुलीला शिंका आल्या. ब्रेकच्या पेडलचं रबर कोरं करकरीत. ४६ हजार चाललेल्या गाडीचं पेडल रबर बदलावं लागत नाही हो, कंपनीत एखाद्या मशीनवर असं एकच कोरं रबर दिसलं तर मी ऑपरेटरला दहा प्रश्न विचारतो. इथं चहा पीत होतो.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर साडूच्या सह्या आधीच करून ठेवलेल्या. मी म्हणलं एकदा बोलणं करून द्या. त्यांनी फोन लावला, कोणीतरी "हो हो, दादा सांगतील तो व्यवहार फायनल" म्हणालं. तो कोण होता देव जाणे.

२ लाख ३५ ला ठरलं. २० हजार टोकन यूपीआयने, नाव भलत्याच बाईचं आलं, "वहिनीचं खातं आहे" म्हणाले. बाकी रोख. पाचशेच्या स्टॅम्पवर लिखापढी, रक्कम लिहिली १ लाख १० हजार, "उगाच कशाला जास्त दाखवता साहेब", आणि खाली छापलेलं वाक्य की गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, पुढे कसलीही तक्रार राहणार नाही. वाचून सही केली. वाचून! निघताना काकांनी मुलीच्या हातावर पेढा आणि १०१ रुपये ठेवले, "शिक बाई, मोठी हो" म्हणाले. घरी येताना बायको म्हणाली किती चांगली माणसं आहेत. मला पण तसंच वाटलं.

पेठ रोडला आरटीओत गाडी व्यवस्थित नावावर झाली. दिवाळीपर्यंत तक्रार नाही. मग सुरू झालं. आधी डाव्या दाराची काच मधेच अडकायला लागली. मग सेंट्रल लॉक रात्री आपोआप उघडायचं, खट्ट आवाज यायचा. मग हेडलाईट लावला की मीटरमधले दिवे लुकलुकायचे. बॅटरी बदलली, अर्थिंग साफ केली, आठवडा बरा गेला आणि एक दिवस मुलीची गाडी एबीबी सर्कलला सिग्नलवर बंद पडली, पुन्हा चालूच होईना, मागून हॉर्न, पोरगी रडकुंडीला आली.

टो करून सातपूरला माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. तो घेतानाच बघायला येणार होता पण त्या रविवारी गावाला गेलेला आणि मला घाई, काका म्हणाले होते ना की सोमवारी दुसरी पार्टी येतेय. ५०० रुपये द्यायचे होते त्याला. त्याने बॉनेट उघडलंच नाही, आधी पुढची सीट मागे सरकवली, खाली हात घातला, मग ड्रायव्हरचा सीट बेल्ट धरून ओढायला लागला, ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. रोज जेवढा बेल्ट बाहेर येतो तेवढा स्वच्छ, पुढचा वीतभर पट्टा मातकट, आणि जिथं स्वच्छ संपतं तिथं चहा वाळल्यासारखी तपकिरी रेघ. म्हणाला, "साहेब, ही गाडी पोहून आलीये."

मग कार्पेट उचललं. खाली गाळ, वाळलेला, बोटाने दाबला की पीठ होत होतं. सीटचे रेल आतून गंजलेले, सीटखालच्या वायरिंगचा कनेक्टर सोडला तर पिना हिरव्या पडलेल्या, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशा. स्टेपनी काढली तर तिथं पण मातीचा थर. त्याने सांगितलं की पाणी इंजिनात गेलं तर एकवेळ खोलून साफ करता येतं, पण वायरिंगमध्ये गेलं की ते महिनोन्महिने आतून खात राहतं, आज लॉक, उद्या लाईट, परवा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. पूर्ण वायरिंग आणि ईसीएम धरून साठ-पासष्ट हजाराचा अंदाज दिला, वर म्हणाला की गॅरंटी मी पण देणार नाही.

गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीपर्यंत आलं यावरून गोदावरीचा पूर मोजणारी आम्ही माणसं. पाण्याची रेघ कुठं बघायची ते नाशिककराला शिकवायला नको. मला माझ्याच गाडीतली दिसली नाही.

आरसी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो, नंबरवरून हिस्टरी काढायला दहा मिनिटं लागली. शेवटची नोंद जुलै २०२१, गाडी टो करून आणलेली, फक्त एस्टिमेट, काम केलेलं नाही, आणि किलोमीटर ८८ हजार. माझ्या मीटरवर पन्नास पण झाले नव्हते. जुलै २०२१ म्हणजे चिपळूणचा पूर, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं होतं तो. एमएच ०८ आणि चिपळूण हे दोन्ही शब्द काकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

कंपनीतल्या एकाचं गाव तिकडचंच, त्याच्या मार्फत मूळ मालक सापडला. तो बिचारा हबकलाच. गाडी पुरात छपरापर्यंत बुडाली, इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस धरून त्याला पैसे दिले, गाडी भंगार म्हणून लिलावात गेली, सह्या त्याने तेव्हाच करून दिल्या होत्या. "माझा नाशिकमध्ये कोणी साडू नाही हो," म्हणाला. त्याला वाटत होतं गाडी कधीच तोडली असेल, आणि ती मधली सगळी वर्षं त्याच्याच नावावर, कोणाला उडवलं असतं तर नोटीस त्याच्या दारात.

काकांना फोन केला. पहिल्यांदा फार गोड, "जुन्या गाडीला गॅरंटी असते का साहेब, तुम्ही तर बघूनच घेतली". दुसऱ्यांदा ब्लॉक. इंदिरानगरला गेलो तर वॉचमन म्हणाला ते इथं राहत नाहीत, फक्त पार्किंग भाड्याने घेतलंय, गाड्या बदलत असतात. तेव्हा मला तो थर्मास आठवला. स्वतःच्या घरातून चहा आणताना माणूस ट्रेमध्ये कप आणतो ना, थर्मास कशाला.

पोलिसात अर्ज दिला, घेतला, पण स्टॅम्प बघून म्हणाले यात रक्कम १ लाख १० आहे आणि तुम्ही पाहून घेतली असं लिहून दिलंय. वकिलाने खरी मेख सांगितली. जुन्या गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृत सर्टिफिकेट लागतं, त्याच्याकडे आलेल्या गाडीची नोंद करावी लागते, आणि धंदेवाल्यावर ग्राहक आयोगात जाता येतं. खाजगी माणसाने स्वतःची गाडी विकली तर ते दार बंद. म्हणून ती "घरची गाडी", म्हणून साडू, म्हणून पेढा. मी डीलर टाळायला गेलो आणि डीलरने नेमका तोच वेष घातला.

मग मुलीनेच डोकं लावलं. रोज जाहिराती बघत बसायची. तीन आठवड्यात त्याच पार्किंगची निळी भिंत मागे असलेल्या दोन गाड्या सापडल्या, एक एमएच १० ची, म्हणजे सांगली पासिंगची स्विफ्ट. मेव्हण्याने वेगळ्या नंबरवरून फोन केला, तोच आवाज, "घरचीच आहे साहेब, माझ्या भाच्याची". रेकॉर्ड केलं, स्क्रीनशॉट काढले, वॉचमनचं म्हणणं लिहून घेतलं, यूपीआयची नोंद, चिपळूणच्या मालकाचं पत्र, सर्व्हिस हिस्टरी, सगळं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत करावी लागते. रोख दिलेल्याचं काय होईल माहीत नाही, बँकेतून एकदम काढले होते ती एंट्री दाखवलीये.

मुलगी सध्या सिटीलिंक बसने जाते. गाडी पार्किंगमध्ये उभी आहे. मेकॅनिक म्हणत होता निदान आतलं कार्पेट आणि बेल्ट बदलून टाकू, वास तरी जाईल. बेल्टला मी हात लावू दिला नाही, पुढच्या तारखेला फोटोबरोबर तो पण दाखवायचाय.